सर्टिफिकेट म्हणजे लायसन्स नव्हे
चेन्नईच्या सौकारपेठेत विटा-खानापूर-आटपाडीकडची, सोनं गाळण्याच्या धंद्यातली गलाई मंडळी भेटली, की गप्पा सोन्याच्या भावावरून सुरू होतात आणि हल्ली पिस्तुलावर येऊन थांबतात. "अण्णा, कोर्स केला की लायसन्स मिळतंय म्हणं. एकदा कमरंला लावलं, की चोराची काय टाप?" माल घेऊन गल्लीबोळांतून फिरणाऱ्या माणसाची भीती खरी आहे, म्हणून पहिल्या दोन-चार वेळा मी नीट समजावलं. आता चिडचिड होते.

कोर्स केला की लायसन्स, असं नाही. 15 जुलै 2016 च्या शस्त्र नियमांनुसार लायसन्ससाठी अर्ज करणाऱ्याने आधी सुरक्षा-प्रशिक्षण घ्यायचं आणि एस-1 नमुन्यातलं प्रमाणपत्र अर्जाला जोडायचं. ते झालं एक कागद. मग पोलिसांचा अहवाल. व्यवसायामुळे जिवाला किंवा मालमत्तेला संरक्षणाची खरी गरज आहे, असं नियम 12 खाली दाखवता येतं, त्यामुळे सोन्याचा धंदा हा मुद्दा जरूर मांडावा. पण निर्णय लायसन्स देणाऱ्या अधिकाऱ्याचा, म्हणजे शहरात पोलीस आयुक्तांचा. "कोर्ससोबत लायसन्सची गॅरंटी" असं कुणी सांगत असेल, तर पैसे खिशातच ठेवा.

समजा, मिळालं लायसन्स. पुढे?

अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी 1983 मध्ये एक साधा हिशेब मांडला. सुरा घेतलेला माणूस 21 फूट अंतर सुमारे दीड सेकंदात पार करतो. तेवढ्याच वेळात सरावलेला पोलीस होल्स्टरमधून हत्यार काढून जेमतेम गोळी झाडतो. सौकारपेठेतल्या मिंट स्ट्रीटच्या गर्दीत 21 फूट मोकळी जागा मिळाली तर नशीबच म्हणायचं! त्यात आपलं पिस्तूल शर्टाखाली, एका हातात पिशवी, आणि मागे रिक्षा, हातगाडी, शाळेची पोरं. चुकलेली गोळी कुठे जाईल?

"पण अजितकुमार शिकलाच की!" शिकला. चेन्नई रायफल क्लबचा हा अभिनेता 2021 च्या राज्य नेमबाजी स्पर्धेत पदकंही घेऊन आला. पण तो खेळ आहे. दहा मीटर एअर पिस्तुलात 60 गोळ्यांना 75 मिनिटं मिळतात आणि समोरचा कागद हलत नाही. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या एशियाडमध्ये 25 मीटर पिस्तुलाचं सुवर्ण आणलं, तेही वर्षानुवर्षांच्या रोजच्या सरावावर. आपल्या लायसन्सवर तर वर्षाला किती गोळ्या घ्यायच्या, तो आकडाही लिहिलेला असतो.

मी असा कोर्स केला, तेव्हा पहिल्या सकाळी एकही गोळी उडाली नाही. मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा, मग करंगळी घालून चाचपा. नळी जमिनीकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर, सरळ. शंभरदा हेच. माझं बोट दोनदा आत गेलं आणि दोन्ही वेळा उस्तादांनी पिस्तूल काढून घेतलं.

आता किरकोळ गैरसमज, झटपट.

मॅगझिन काढली की पिस्तूल रिकामं: नाही, चेंबरमध्ये एक गोळी असू शकते.

पायावर मारली तर माणूस मरत नाही: मांडीची मोठी धमनी फुटली, तर काही मिनिटांत मरतो.

गोळी लागली की माणूस मागे उडतो: सिनेमात. झाडणाऱ्याच्या हाताला जेवढा बसतो, साधारण तेवढाच धक्का समोरच्याला बसतो.

लायसन्स असलं की चोरावर गोळी झाडता येते: भारतीय न्याय संहितेचं कलम 41 वाचा. जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, जिवाची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती, अशा मोजक्या वेळीच मालमत्तेसाठी जीव घेण्यापर्यंत हक्क जातो. तिथेही कलम 37 आहेच: गरजेपेक्षा जास्त इजा नको.

लग्नात हवेत बार काढला तर काय बिघडतं: 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

परवा हे सगळं ऐकून एकजण म्हणाला, "मग बिनलायसन्सचं काही नाही का?" आहे, म्हटलं. 0.177 बोअरपर्यंतचं, 20 ज्यूलपर्यंत ताकदीचं एअर पिस्तूल. "त्यानं चोराला काय हुईल?"

काही नाही, म्हटलं. कागदाला भोक पडतं.