वसाहतीतील पायवाटा : निवड आणि निगा

सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या निवासी वसाहतीत कुष्ठमुक्त बंधुभगिनी, निराधार वृद्ध आणि कृत्रिम पाय बसविल्यानंतर चालण्याचा सराव करणारे रुग्ण एकत्र राहतात. त्यांची निवासस्थाने, भोजनगृह, ड्रेसिंग विभाग व प्रार्थनागृह यांना जोडणाऱ्या पायवाटा यंदा नव्याने करण्यात आल्या. सुंदर, गुळगुळीत फरशी का घातली नाही, असे अनेक हितचिंतकांनी आपुलकीने विचारले. त्याचे उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

तशी फरशी आम्ही पूर्वी घातली होती. एका पावसाळ्यात तिच्यावरून वसाहतीतील एक आजी घसरल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली; परंतु भोजनगृहापर्यंत एकटीने जाण्याचे धैर्य त्यांना पुन्हा झाले नाही.

घसरण्याइतकाच दुसरा धोका डोळ्यांस दिसत नाही. कुष्ठरोगाने किंवा मधुमेहाने मज्जातंतू निकामी झाले की तळव्याला खडा टोचल्याचे अथवा चटका बसल्याचे कळत नाही. वेदनेचा इशारा न मिळाल्याने मनुष्य त्याच जखमेवर चालत राहतो. व्रण हाडापर्यंत पोहोचल्यास प्रसंगी पाय काढावा लागतो. मऊ रबराची पादत्राणे संरक्षण देतात. पण प्रार्थनागृहात जाताना ती उतरविली जातात. तेथे वैशाखातील तापलेला काळा कडप्पा घातक ठरतो.

या दृष्टीने आम्ही प्रत्येक पर्याय तपासला. मुरूम स्वस्त असतो व पाणी जिरवितो. मात्र पावसात त्याचा चिखल होतो आणि व्हीलचेअरची पुढची लहान चाके रुततात. शहाबादी फरशी टिकाऊ खरी, पण वापराने गुळगुळीत होते व खालची भर खचली की डुगडुगते. कोकणातील जांभा खरखरीत असला तरी सच्छिद्र असल्याने सावलीत लवकर शेवाळतो. सिमेंटचे पेव्हर ब्लॉक उचलून खालची जलवाहिनी दुरुस्त करता येते. परंतु मुरूम नीट न दाबल्यास व कडेला पक्का दगड न बसविल्यास ते खालीवर होतात. बोटभर उंचवटाही कृत्रिम पायाला अडखळविण्यास पुरेसा असतो.

सर्व नमुने अंगणात मांडून, त्यांवर पाणी ओतून रहिवाशांनी स्वतः चालून पाहिले. मुख्य वाटेसाठी त्यांनी काँक्रीट पसंत केले. ओले काँक्रीट किंचित आवळताच चालण्याच्या दिशेला आडवा झाडू फिरविल्याने पावलाला पकड मिळते, तरीही खडे टोचत नाहीत. दोन व्हीलचेअर समोरासमोरून जाव्यात म्हणून रुंदी १.८ मीटर ठेवली. उतारमार्गासाठी १२ फुटांस १ फूट ही चढाची मर्यादा सामान्यतः मानली जाते. आम्ही शक्य तेथे २० फुटांस १ फूट एवढाच चढ दिला. पाणी साचू नये म्हणून वाटेला एका बाजूस अगदी सौम्य उतार आहे. प्रार्थनागृहासमोर फिक्या रंगाचे ब्लॉक व वर मांडव आहे. मुरूम केवळ झाडांच्या आळ्यांभोवती ठेवला.

अंधांसाठीच्या उंचवट्यांच्या फरश्या १९६७ साली जपानमधील ओकायामा येथे सेइची मियाके यांच्या कल्पनेतून प्रथम रस्त्यावर आल्या. आमच्याकडील दृष्टिहीन रहिवाशांना त्या हव्या होत्या, तर बधिर पायांच्या रहिवाशांना त्यांवर सतत चालणे नको होते. चर्चेअंती त्या केवळ वळणांवर आणि चढाच्या दोन्ही टोकांना बसविल्या.

एक गोष्ट मात्र नम्रपणे सांगावीशी वाटते. कोणतीही पायवाट एकदा बांधून कायमची सुरक्षित होत नाही. पावसाळ्यात शेवाळ घासून काढणे, सुटलेले सांधे भरणे व पन्हळी मोकळ्या ठेवणे ही कामे वर्षानुवर्षे करावी लागतात. बांधकामावर दात्याच्या नावाची पाटी लागते. खराट्यावर लागत नाही. म्हणूनच बांधकामासाठी उदारहस्ते साहाय्य करणाऱ्या दात्यांनी देखभाल निधीचेही स्मरण ठेवावे, अशी प्रार्थना आहे. आपण वसाहतीस अवश्य भेट द्यावी, शक्यतो पावसाळ्यात, आणि या वाटेने आमच्या रहिवाशांसोबत भोजनगृहापर्यंत चालत यावे.