डीजी ‘ऑटो’वर आहे ना?

१२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि ऐन करोनाकाळात रुग्णालयांची भिस्त आवारातल्या डीजींवर, म्हणजे डिझेल जनरेटरांवर, आली. रोज चालणारे यंत्र बिघडण्याआधी आवाजातून, धुरातून काही ना काही सांगते. वर्षातले जेमतेम काही तास चालणारा डीजी तसे काहीच सांगत नाही. म्हणून आता त्याच्या पॅनेलमध्ये सिमकार्ड असते आणि ऑइलचा दाब, पाण्याचे तापमान, टाकीतले डिझेल मोबाइलवर दिसते. पडदा भरगच्च दिसतो खरा. पण यातले बहुतेक आकडे इंजिन सुरू झाल्यावरचे आहेत, आणि खरा प्रश्न ते सुरू होईल का हा आहे.

डीजी ऐन वेळी सुरू होत नाही, तेव्हा दोष बहुधा इंजिनाचा नसतो, बॅटरीचा असतो. ही बॅटरी मोठी फसवी. बारा व्होल्टची चांगली बॅटरी नुसती ठेवली असता साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, चार्जरवर साडेतेराच्या आसपास. प्लेटांवर सल्फेट चढलेली थकलेली बॅटरीही चार्जरच्या जोरावर तोच आकडा मिरवते. सेल्फ मारला, शेकडो अँपिअर ओढले गेले, की त्या दोन-तीन सेकंदांत सोंग उतरते. त्या क्षणी व्होल्टेज किती खाली गेले आणि गेल्या महिन्यापेक्षा किती जास्त, एवढी एक नोंद बाकीच्या डझनभर आकड्यांना भारी आहे. तिच्या जोडीला ठेवावी ती पॅनेलवरच्या स्विचची नोंद. सर्व्हिसिंगनंतर तो ‘ऑटो’वर परत आणायचा राहिला, तर धडधाकट इंजिनही लाइट गेल्यावर ढिम्म राहते.

ऑपरेटर आहे, रजिस्टर आहे, मग हा खर्च कशाला, असे विचारले जाते. ढिला पट्टा किंवा डिझेलचा वास ऑपरेटरलाच कळतो, हे मान्यच. पण ते दोन-तीन सेकंद रजिस्टरात उतरत नाहीत. शिवाय दर आठवड्याला डीजी बिनलोडचा चालवून ‘ओके’ लिहिण्याची रीत घातक आहे. इंजिन पुरेसे तापत नाही आणि अर्धवट जळालेले डिझेल सायलेन्सरमध्ये साचते. अमेरिकेतले एनएफपीए ११० हे मानक महिन्यातून एकदा, किमान ३० टक्के लोडवर, अर्धा तास चाचणी मागते ते याचसाठी. अशा चाचणीसाठी चालू रुग्णालयाचा लोड मुद्दाम डीजीवर टाकावा लागतो, आणि तो धोका पत्करायला व्यवस्थापन सहसा राजी नसते. चाचणीच झाली नाही, तर दूरवरून पाहणाऱ्याला दिसणार काय?

अडचणी इथे संपत नाहीत. वीज परत येणे लांबले की मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्याही उतरतात, म्हणजे निरोपाची सर्वाधिक गरज असते तेव्हाच तो अडकण्याची भीती. त्यावर उपाय एवढाच, की सारा भर आधीच्या महिन्यांतल्या नोंदींवर द्यायचा. पण त्या नोंदींतून निघणारे इशारे इतके होतात की माणसे ते न वाचताच पुसतात. आणि काही दोष कोणत्याच सेन्सरच्या कक्षेत येत नाहीत. ऑक्टोबर २०१२मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाचे जनरेटर तेराव्या मजल्यावर सुरक्षित होते. डिझेल वर चढवणारे पंप मात्र तळघरात होते आणि तळघरात पाणी शिरले. कर्मचाऱ्यांनी जिन्यावर रांग लावून हातोहात डिझेल वर पोहोचवले. पंप कुठे बसवायचा हे इमारतीच्या नकाशावर ठरते, आणि तो नकाशा कुठल्याही कंट्रोलरला दिसत नाही.