कॉपीलेफ्ट परवाना आणि मालकी हक्काची संगणक प्रणाली : एक विवेचन

प्रस्तावना
संगणकशास्त्राचा विद्यार्थी-प्रकल्प केवळ गुणांपुरता असतोच असे नाही. चांगला प्रकल्प एखादा नाशिककर उद्योजक विकतही घेऊ शकतो. अशा वेळी प्रकल्पात वापरलेल्या मुक्त स्रोत लायब्ररीचा, म्हणजे तयार आज्ञावलींच्या संचाचा, परवाना निर्णायक ठरतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

कायदेशीर आधार
प्रताधिकार अधिनियम, १९५७ मधील साहित्यकृतीच्या व्याख्येत १९८४ च्या दुरुस्तीने संगणक आज्ञावलीचा समावेश झाला. मुक्त आज्ञावलीचा कर्ता हा प्रताधिकार सोडून देत नाही. तो अटींसह परवानगी देतो. कॉपीलेफ्टची अट अशी की, त्या आज्ञावलीवर आधारलेली कृती इतरांना दिल्यास तिचा सोर्स कोडही त्याच परवान्याखाली द्यावा. म्हणजेच 'मोफत' आणि 'विनाअट' हे समानार्थी शब्द नव्हेत.

परवान्यांतील भेद
जीपीएल परवान्याची अट लायब्ररी जोडलेल्या संपूर्ण प्रणालीला लागू होते, अशी या परवान्याच्या पुरस्कर्त्यांची भूमिका आहे. ब्रूनो हायबल यांच्या 'क्लिस्प' प्रणालीला जीपीएलखालील 'रीडलाइन' लायब्ररी जोडण्याची सोय होती. रिचर्ड स्टॉलमन यांनी आक्षेप घेतला आणि १९९२ मध्ये संपूर्ण क्लिस्प जीपीएलखाली आली. १९९१ मधील एलजीपीएल परवाना मात्र मालकीच्या प्रणालीस लायब्ररी जोडू देतो. लायब्ररीतील बदल तेवढे खुले करावे लागतात आणि वापरकर्त्यास तिची सुधारित आवृत्ती जोडता आली पाहिजे. प्रणाली संस्थेबाहेर दिलीच नाही, तर जीपीएलनुसार सोर्स कोड देण्याचे बंधन नाही. २००७ चा एजीपीएल मात्र बदललेली प्रणाली नेटवर्कवरून वापरणाऱ्यांनाही तो हक्क देतो.

मराठीतील उदाहरण
हाच प्रश्न फाँटबाबतही येतो, कारण फाँट दस्तऐवजात अंतर्भूत होतो. रेड हॅटने प्रसारित केलेले 'लोहित' फाँट आरंभी जीपीएलखाली होते. २०११ मध्ये ते ओपन फाँट परवान्याखाली आले. या परवान्यानुसार फाँट मुक्तच राहतो, परंतु तो वापरून तयार केलेल्या दस्तऐवजावर परवान्याचे बंधन येत नाही.

निष्कर्ष
प्रकल्प हस्तांतरित करताना नव्हे, तर लायब्ररी निवडतानाच परवाना पाहणे आवश्यक आहे. प्रकल्प-अहवालात प्रत्येक लायब्ररीचे नाव, आवृत्ती व परवाना यांचा तक्ता मार्गदर्शक प्राध्यापकांनी अनिवार्य केल्यास विद्यार्थ्याचे श्रम आणि मूळ कर्त्याचा हक्क, दोन्ही सुरक्षित राहतील.