डेटाबेसचे दार जगाला उघडू नका. लिनक्सवर एसएसएचचा बोगदा आपोआप सुरू होतो

इंदूर : सुपर कॉरिडॉरवर टीसीएस, इन्फोसिसचे कॅम्पस आहेत. खानदेशातली मुले नोकरीसाठी एबी रोडने इंदूर गाठतात. सणाला गावी आली की लॅपटॉपही सोबत येतो अन् घरच्या नेटवरून काम चालते. समजा, पोस्टग्रेसचा डेटाबेस इंदूरच्या सर्व्हरवर आहे आणि ॲप धुळ्यात लॅपटॉपवर. मधला रस्ता एसएसएचचा. नेट गेले की तो तुटतो, पुन्हा कमांड द्यावी लागते. या कटकटीला वैतागून काही जण डेटाबेसचे पोर्ट थेट इंटरनेटवर उघडतात. घात होतो तो इथेच. जानेवारी 2017 मध्ये जगभरातले असे उघडे, बिनपासवर्डचे हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसून खंडणी मागितली गेली होती.

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे काय?
एसएसएच 1995 मध्ये फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी तयार केले. त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेले होते, त्यावरचा हा उपाय. लॅपटॉपच्या एखाद्या पोर्टवर आलेली माहिती एसएसएच कुलूपबंद करून पोर्ट 22 मार्गे सर्व्हरवर नेते. ॲपला वाटते, डेटाबेस आपल्याच मशीनवर आहे.

आपोआप कसे करायचे?
1) या कामासाठी ‘एसएसएच-कीजेन’ने वेगळी किल्ली बनवा. ती सर्व्हरवर टाकून एकदा हाताने लॉगिन करून पाहा. पहिल्या वेळी सर्व्हरची ओळख पटवणारा प्रश्न येतो, त्याला सर्व्हिस उत्तर देऊ शकत नाही.
2) एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये सर्व्हरचे नाव, किल्लीची जागा आणि ‘लोकलफॉरवर्ड’ लिहा : लॅपटॉपचे 5433, पलीकडे लोकलहोस्टचे 5432. ‘सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल’ 30 आणि ‘सर्व्हरअलाइव्हकाउंटमॅक्स’ 3 ठेवले की मेलेले कनेक्शन साधारण दीड मिनिटात लक्षात येते. ‘एक्झिटऑनफॉरवर्डफेल्युअर’ला ‘यस’ द्या. नाहीतर कनेक्शन चालू दिसते, पण पोर्ट मिळालेलेच नसते.
3) सिस्टमडीची युझर सर्व्हिस बनवा. त्यात एसएसएच ‘-एन’ पर्यायाने चालवा, ‘रीस्टार्ट’ला ‘ऑलवेज’ आणि ‘रीस्टार्टसेक’ला 10 द्या. थांबा न ठेवता पटापट प्रयत्न झाले, तर सिस्टमडी सर्व्हिस बंदच करून टाकते. सर्व्हिस ‘एनेबल’ केली की लॉगिन होताच बोगदा तयार.

किल्ली सांभाळा
सर्व्हिसला पासफ्रेज टाइप करता येत नाही, म्हणून किल्ली सहसा बिनपासफ्रेजची ठेवतात. अशात लॅपटॉप चोरीला गेला तर सर्व्हरच चोराच्या हाती. म्हणून सर्व्हरच्या ‘ऑथोराइज्ड कीज’ फाइलमध्ये त्या किल्लीच्या ओळीआधी ‘रिस्ट्रिक्ट’, ‘पोर्ट-फॉरवर्डिंग’ आणि ‘परमिटओपन’ने लोकलहोस्ट:5432 एवढेच लिहा. मग त्या किल्लीने टर्मिनल मिळत नाही, ‘लोकलफॉरवर्ड’ने दुसरे पोर्टही गाठता येत नाही. पण एवढ्याने कमांड चालवणे थांबत नाही, ते रोखायला त्याच ओळीत ‘कमांड’ पर्यायही द्यावा लागतो. डेटाबेसचा पासवर्ड वेगळा लागतोच. लॅपटॉप हरवला, तर तेवढी ओळ लगेच पुसून टाकायची.

अन् हो, सर्व्हर कंपनीचा असेल तर आधी तिथल्या ॲडमिनची परवानगी घ्या.