काल्याची शिदोरी

गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी देवळादेवळांतून गोपाळकाला होतो. पोहे, लाह्या, दही, काकडी, लोणचे. ज्याच्या घरी जे असेल ते एका पात्रात येते आणि मग कोणाचे काय, हे ओळखू येत नाही. श्रीमद्भागवताच्या दशमस्कंधात, तेराव्या अध्यायात, यमुनेच्या वाळवंटी भगवान सवंगड्यांसह शिदोऱ्या सोडून बसल्याचे वर्णन आहे. एकमेकांना आपापल्या शिदोरीची चव दाखवीत, हसत-हसवीत ती मुले जेवतात. जो यज्ञाचा भोक्ता, तोच तेथे बरोबरीचा सवंगडी होतो.

वडीलधारे बालकास आज्ञापालन शिकवितात. परंतु वाटून खाणे, डाव हरणे, रुसणे आणि आपण होऊन समेट करणे हे सवंगड्यांतच साधते. सांदीपनींच्या आश्रमात जडलेला कृष्ण-सुदाम्याचा स्नेह द्वारकेच्या वैभवातही उणा झाला नाही.

आमच्या हातून मात्र चूक घडली. अभ्यास बुडेल म्हणून नातवास आम्ही खेळावयास जाऊ दिले नाही. गतवर्षी काल्याच्या कीर्तनानंतर सारी मुले एकत्र बसली. स्तोत्रे मुखोद्गत असलेला आमचा नातू मात्र द्रोण धरून खांबाआड उभा राहिला. अखेर शेजारच्या एका मुलाने हात धरून त्यास आपल्याजवळ बसविले. जन्मभर काला सांगत आलेले आम्ही खाली मान घालून ते पाहत होतो.

भाविक मातापित्यांनी यंदा आळीतली सारी मुले बोलवावीत आणि काला त्यांच्याच हातून वाटवावा.