कर्णबधिरांची मे महिन्याची सुट्टी

2011 च्या जनगणनेत ऐकू न येणाऱ्या किंवा कमी ऐकू येणाऱ्या 50.7 लाख व्यक्तींची देशभरात नोंद झाली. म्हणजे हजारात साधारण चार. हेच प्रमाण धाराशिव जिल्ह्याच्या तेव्हाच्या 16 लाख 57 हजार लोकसंख्येला लावले, तर सात हजारांच्या आसपासचा अंदाज निघतो. त्यातून उतारवयात कान गेलेली माणसे वगळली की मुलांचा आणि तरुणांचा आकडा बराच खाली येतो. तेही विखुरलेले आहेत आठ तालुक्यांत, सातशेवर गावांत, साडेसात हजार चौरस किलोमीटरांवर. जिल्ह्यातले शंभरातले त्र्याऐंशी लोक खेड्यात राहतात. तेव्हा परंड्याकडच्या किंवा लोहाऱ्याकडच्या एखाद्या गावात जन्मापासून कर्णबधिर मूल असलेच, तर ते बहुधा एकटेच असते. गाव त्याला वाईट वागवतेच असे नाही. त्याला शेतात नेतात, लग्नाच्या पंगतीत बसवतात, जत्रेत फिरवतात. पण गाव त्याला ‘मुका’ किंवा ‘मुकी’ म्हणून ओळखते आणि आपण कोण, या प्रश्नाचे त्याच्यापाशीही एवढेच उत्तर असते, की सगळ्यांना जे जमते ते आपल्याला जमत नाही.

जात, मातृभाषा, कुलदैवत, आडनाव हे सारे मूल घरातूनच घेऊन येते. कर्णबधिरपणाचे तसे नाही. अमेरिकेतील मिचेल आणि कार्चमर या अभ्यासकांनी 2004 मध्ये दाखवून दिले, की तिथल्या नव्वद टक्क्यांहून अधिक कर्णबधिर मुलांचे आई आणि वडील दोघेही ऐकणारे असतात. आपल्याकडे याहून फार वेगळे असण्याचे कारण नाही. मग कर्णबधिर म्हणून जगायचे कसे, हसायचे कशावर, अपमान झाला तर उत्तर काय द्यायचे, हे त्या मुलाला घरात कोण शिकवणार? आईची माया कितीही असली तरी तिला स्वतःलाच ते ठाऊक नसते. ही शिकवण मिळते ती बरोबरीच्या आणि वडीलधाऱ्या कर्णबधिरांकडून, आणि त्यासाठी आधी ते भेटावे लागतात. निकाराग्वात 1977 मध्ये मानाग्वा शहरात विशेष शिक्षणाची शाळा सुरू झाली. तोवर तिथली कर्णबधिर मुले आपापल्या घरात एकेकटी होती, घरापुरत्या खाणाखुणा करून भागवत होती. शाळेत शिक्षक त्यांना स्पॅनिश बोलायला आणि ओठ वाचायला शिकवत राहिले, ते फारसे साधले नाही. पण मधल्या सुट्टीत आणि शाळेच्या बसमध्ये मुलांनी आपसांत खुणा जुळवल्या आणि काही वर्षांत त्यातून व्याकरण असलेली एक नवी भाषाच उभी राहिली. भाषाशास्त्रज्ञांनी ती 1986 पासून टिपून ठेवली आहे. ती कोणी शिकवलेली नव्हती. मुले एकत्र आली, एवढेच निमित्त पुरले.

आपल्याकडचा इतिहासही बराचसा असाच, फक्त कमी नोंदलेला. 1880 मध्ये इटलीतील मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने कर्णबधिर मुलांना बोलायलाच शिकवावे, खुणा वर्गाबाहेर ठेवाव्यात असा ठराव केला. त्यानंतर चार-पाच वर्षांतच मुंबईत माझगावला देशातली पहिली कर्णबधिरांची शाळा निघाली. पुढे शंभर वर्षे आपल्या शाळांवर त्या ठरावाची छाया राहिली. वर्गात ओठांकडे बघायचे, आणि वसतिगृहात शिक्षकांची पाठ वळली की हातांनी बोलायचे. मिलानचा ठराव चुकीचा होता हे कर्णबधिर शिक्षणाच्या जागतिक परिषदेने व्हँकुव्हरला मान्य केले ते 2010 मध्ये. दरम्यान मोठ्या शहरांतील कर्णबधिरांनी आपापल्या भेटीच्या जागा शोधल्या. ॲनेलीस कुस्टर्स या स्वतः कर्णबधिर असलेल्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी मुंबईच्या लोकलमधील अपंगांच्या डब्याचा अभ्यास केला. हा डबा कर्णबधिरांचा रोजचा कट्टा कसा झाला, बातम्या, नोकऱ्यांची माहिती, भांडणे, थट्टा सारे तिथे कसे चालते, गप्पा संपेनात म्हणून माणसे आपले स्टेशन मागे टाकून पुढे कशी जातात, हे त्यांनी 2009 मध्ये लिहिले. रेल्वेने हा डबा चढण्या-उतरण्याची सोय म्हणून दिला होता. कर्णबधिरांनी त्यातून स्वतःचे एक सार्वजनिक जीवन घडवले.

धाराशिवला लोकल नाही. कुर्डुवाडी-लातूर मार्गावरच्या गाड्यांत असा कट्टा जमणे शक्य नाही, कारण एकाच वेळी एकाच दिशेने रोज जाणारे इतके कर्णबधिर प्रवासीच नाहीत. अशा जिल्ह्यातल्या मुलाला त्याच्यासारखे लोक भेटण्याची जवळजवळ एकमेव जागा म्हणजे निवासी विशेष शाळा. तिथे त्याला खुणांची भाषा मिळते, मित्र मिळतात, आणि केसांच्या वळणावरून, गालावरच्या खळीवरून किंवा कपाळावरच्या जुन्या व्रणावरून खुणेतले एक नवे नाव मिळते. कर्णबधिरांनी कर्णबधिराला दिलेले हे नाव ‘मुका’पेक्षा फार वेगळे असते. मग मे महिना येतो. वसतिगृह रिकामे होते, मुले एकेक करून एसटीने आपापल्या गावी जातात, आणि जूनच्या मध्यापर्यंत त्या मुलाशी त्याच्या भाषेत बोलणारे कोणी नसते. ऐकणाऱ्या मुलांना ही सुट्टी म्हणजे मोकळीक. त्याच्यासाठी तो दीड महिन्याचा अबोला असतो. शाळा कायमची संपली की हा अबोला वर्षभराचा होतो.

अमेरिका-युरोपातील कर्णबधिरांनी उन्हाळ्याचा उपयोग नेमका उलट केला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्णबधिर संघटनेने 1969 पासून तरुणांसाठी नेतृत्व शिबिर चालवले. कर्णबधिरांच्या जागतिक महासंघाच्या युवा विभागाची स्थापना 1995 मध्ये व्हिएन्नात झाली, तोही मुलांची आणि तरुणांची आंतरराष्ट्रीय शिबिरे भरवतो. पोहणे, नाटक, शेकोटी हे सगळे कुठल्याही शिबिरात असते तसे इथेही असते. वेगळेपण एवढेच, की शिबिर चालवणारे स्वतः कर्णबधिर असतात. आपल्या जिल्ह्यात कर्णबधिर मुलाला ‘शिबिर’ म्हणून जे माहीत आहे ते म्हणजे तपासणी शिबिर, प्रमाणपत्र शिबिर, श्रवणयंत्र वाटपाचे शिबिर. ही लागतातच, त्यांची टिंगल करण्याचे कारण नाही. पण तिथे मूल रांगेत उभे असते, त्याच्याविषयी त्याच्या डोक्यावरून बोलणे चालते आणि शेवटी मान्यवरांबरोबर फोटो निघतो. त्याला काय वाटते, हे विचारण्याची जागा त्या मांडवात नसते.

अशी जागा मिळाली की तरुण काय करतात? ते आधीच्या पिढीची व्याख्या जशीच्या तशी उचलत नाहीत. पूर्वीच्या कल्पनेत खरा कर्णबधिर म्हणजे वसतिगृहात वाढलेला, खुणांत पारंगत आणि आवाज न वापरणारा. आज एका मांडवात चौघे बसले तर एकाच्या कानामागे यंत्र असेल, एकीच्या डोक्यात शस्त्रक्रियेने बसवलेले कॉक्लिअर इम्प्लांट असेल, तिसरा झेडपीच्या साध्या शाळेत शिकून विशीत पहिल्यांदा खुणा शिकत असेल, चौथी व्हिडिओ कॉलवर दिवसभर मैत्रिणींशी बोलत असेल. कोण किती ‘खरा’ यावरून त्यांची खडाजंगी होते आणि ती व्हायलाच हवी. नील ग्लिकमन या मानसशास्त्रज्ञाने 1990 च्या दशकात असे मांडले, की कर्णबधिर व्यक्ती बहुधा ऐकणाऱ्यांची नक्कल, कुठलेच नसल्याची बेचैनी, कर्णबधिर जगात बुडून जाणे आणि शेवटी दोन्ही जगांत सहज वावरणे अशा टप्प्यांतून जाते. मला हे टप्पे फार सरळ रेषेतले वाटतात, आणि ते अमेरिकी मध्यमवर्गावर बेतलेले आहेत. मिशेल फ्रीडनर यांनी 2015 च्या आपल्या पुस्तकात भारतीय शहरांतील कर्णबधिर तरुणांचे जे चित्र रेखाटले आहे ते आपल्याला जवळचे आहे. या तरुणांना अभिमानाच्या घोषणांपेक्षा एकमेकांना माहिती देणे, नोकरी लावणे, पुढे ओढणे महत्त्वाचे वाटते. भूम किंवा वाशीच्या मुलीला तर यात शेती, जात, आणि मुलगी म्हणून बाहेर पडण्याची बंधने हेही धरून आपली ओळख बांधावी लागेल. ती कोणत्याही परदेशी पुस्तकात आयती मिळणार नाही.

कर्णबधिरांनी चालवलेले असे शिबिर आपल्या जिल्ह्यातही भरावे, असे मला वाटते. त्यावरचे आक्षेप हलके नाहीत. पहिला असा, की सगळीकडे समावेशक शिक्षणाची भाषा चालू असताना कर्णबधिरांना वेगळे काढून कशाला बसवायचे? पण ऐकणाऱ्या पन्नास मुलांच्या वर्गात दुभाषी नसताना बसवलेले मूल समाविष्ट होत नाही, ते फक्त हजेरीपटावर येते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमण्याची तरतूद आहे. भारताने 2007 मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात कर्णबधिरांची भाषिक ओळख जोपासण्याचे वचन आहे. आठ-दहा दिवसांच्या शिबिराने कोणी समाजापासून तुटत नाही. वर्षभर ऐकणाऱ्यांत वावरण्याचे बळच त्यातून मिळते. दुसरा आक्षेप इम्प्लांटचा. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना केंद्राच्या योजनेतून ही शस्त्रक्रिया मिळते, मग हा प्रश्न पुढच्या पिढीत उरणारच नाही, असे म्हटले जाते. इम्प्लांटने अनेक मुलांना बोली भाषा दिली आहे, हे नाकारणे खोटेपणाचे ठरेल. मात्र वय, नंतरची अनेक वर्षांची वाचा-उपचारांची पायपीट, यंत्राची दुरुस्ती यावर या शस्त्रक्रियेचे यश ठरते, आणि खेड्यातल्या कुटुंबाला हे सगळे शहर गाठून करावे लागते. यंत्र काढून ठेवले की मूल पुन्हा कर्णबधिरच असते. आज पंधरा-वीस वर्षांची असलेली मुले तर त्या वयोमर्यादेच्या केव्हाच बाहेर गेली आहेत.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो, आणि तो या जिल्ह्याचा स्वतःचा आहे. कळंब, भूम, वाशी, परंडा या भागांतून कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. वसतिगृहातल्या मुलाला आई-वडील सलग मिळतात ते मे महिन्यातच. ते दिवसही काढून घ्यायचे का? अजिबात नाही. शिबिर सुट्टीच्या शेवटी ठेवावे आणि अखेरचे दोन दिवस आई-वडिलांनाही बोलवावे. आपले मूल चार कर्णबधिरांत कसे घडाघडा ‘बोलते’, हे बहुतेक पालकांनी कधी पाहिलेलेच नसते. ते पाहिल्यावर आईने वीस खुणा शिकल्या तरी पुढची सुट्टी वेगळी जाईल.

राहिला पोटापाण्याचा मुद्दा. आधी रोजगार, मग ओळख, असे म्हणणाऱ्यांनी गीताची हकीकत आठवावी. वाट चुकून पाकिस्तानात गेलेली ही कर्णबधिर मुलगी ऑक्टोबर 2015 मध्ये भारतात परतली. तिला आपल्या गावाचे नाव लिहिता येत नव्हते, कोणाला समजेल अशा खुणांत सांगताही येत नव्हते. नदी, देऊळ, रेल्वे स्टेशन अशा तुटक खुणांवरून तिचे घर शोधण्यात वर्षे गेली, आणि 2021 मध्ये मराठवाड्यातल्याच परभणी जिल्ह्यातील एक महिला तिची आई असल्याच्या बातम्या आल्या. इतरांशी सामायिक असलेली भाषा नसेल तर माणसाला स्वतःचा पत्ताही सांगता येत नाही. मग मजुरीचा दर ठरवणे, पोलिसांत तक्रार देणे, लग्नाला नकार देणे तर लांबच.

खर्चाचे म्हणाल तर महाराष्ट्रात ग्रामपंचायत, नगरपरिषद आणि जिल्हा परिषद या सर्वांना स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवावी लागते. तिच्यातून वस्तू वाटल्या जातात, रोख रक्कम दिली जाते. त्यातला थोडा वाटा आठही तालुक्यांनी एकत्र करून, मुंबई-पुण्याचे दोन-चार प्रशिक्षित कर्णबधिर शिक्षक बोलावून, तुळजापूर किंवा धाराशिवच्या रिकाम्या वसतिगृहात जूनच्या पहिल्या आठवड्यात एक निवासी शिबिर भरवता येईल. त्यात काय व्हावे हे मात्र अधिकाऱ्यांनी ठरवू नये. हा लेख वाचणाऱ्यांपैकी जे सरपंच असतील, सदस्य असतील, किंवा नुसतेच ग्रामसभेला जाणारे असतील, त्यांनी येत्या ग्रामसभेत या पाच टक्क्यांचा हिशेब मागावा आणि गावातल्या कर्णबधिर मुलालाही त्या सभेला सोबत न्यावे.