बॅकअप रोज घेतला, तरी लॉग का भरतो?

मांडवा जेट्टीवरून अलिबागकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या हार्डवेअर, टाइल्स, फर्निचरच्या दुकानांत आता बिले संगणकावरच फाडली जातात. आमच्या व्यापारी बांधवांची एक तक्रार ठरलेली असते. ऐन गिऱ्हाईकीत बिल अडते, पडद्यावर ‘लॉग भरला’ असा संदेश येतो, आणि मालक म्हणतात, “आम्ही तर रोज रात्री बॅकअप घेतो!”

बरीच बिलिंग सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर चालतात. त्यात दोन फायली असतात. एक खतावणी समजा, दुसरी, म्हणजे लॉग, रोजकीर्द. प्रत्येक व्यवहार आधी रोजकीर्दीत चढतो. डेटाबेस ‘फुल रिकव्हरी’ पद्धतीवर असेल तर रोजचा पूर्ण बॅकअप खतावणीची नक्कल करतो, पण रोजकीर्दीची जुनी पाने मोकळी करत नाही. ती मोकळी होतात लॉगचा वेगळा बॅकअप घेतल्यावर. मोफत मिळणाऱ्या एक्सप्रेस आवृत्तीत डेटाच्या फाइलला आकाराची मर्यादा आहे, लॉगला ती नाही. वेगळी मर्यादा घातली नसेल तर तो डिस्क भरेपर्यंत फुगत राहतो.

मग कोणीतरी ‘जाणकार’ येतो आणि लॉगची एलडीएफ फाइल उडवतो. हे कदापि करू देऊ नये. डेटाबेस उघडेनासा होऊ शकतो. आधी कारण पाहावे. ‘सिस डेटाबेसेस’ या यादीत ‘लॉग रियूज वेट’चा रकाना असतो. तिथे ‘लॉग बॅकअप’ लिहिले असेल तर तो बॅकअप घ्यावा. ‘ॲक्टिव्ह ट्रान्झॅक्शन’ असेल तर एखादा व्यवहार अर्धवट अडकला आहे, तो आधी सोडवावा. पाने मोकळी झाली तरी फाइलचा आकार तेवढाच दिसतो, त्याने घाबरू नये. मोकळी जागा पुन्हा वापरली जाते.

लहान दुकानाला आम्ही ‘सिंपल’ पद्धतच सुचवू. त्यात लॉग बहुधा आपोआप मोकळा होतो. मात्र संगणक बिघडला तर शेवटच्या बॅकअपनंतरची बिले जातात. कागदी बिलबुकावरून दिवसभराची बिले पुन्हा चढवता येत असतील तर हे परवडते. ज्यांना तासाभरापेक्षा जास्त हिशेब गमवायचा नाही, त्यांनी ‘फुल’ ठेवून दर तासाला लॉगचा बॅकअप लावावा. एक्सप्रेसमध्ये वेळ लावून काम करणारा एजंट नसतो, तेव्हा विंडोजच्या टास्क शेड्युलरवर ते काम सोपवावे. ‘फुल’वरून ‘सिंपल’वर जाऊन परत ‘फुल’वर आलात तर लगेच पूर्ण बॅकअप घ्या. लॉगची साखळी मध्येच तुटलेली असते.

बॅकअप ठेवायचा कुठे, हा प्रश्न किनाऱ्यावर जास्त महत्त्वाचा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, पत्रे उडाले, विजेचे खांब पडले, अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. ज्या गल्ल्यात पैसे, त्याच गल्ल्यात पेन ड्राइव्ह, ही सवय अशा वेळी नडते. एक प्रत मुंबईच्या नातलगाकडे किंवा क्लाउडवर असावी. जीएसटीच्या नियम ५७ प्रमाणे संगणकावरच्या हिशेबाचा बॅकअप ठेवणे बंधनकारकच आहे, आणि कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात.

पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद होतात. त्याआधी, मे महिन्यातच, बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवून पाहावा आणि शेवटच्या बिलाचा नंबर बिलबुकाशी जुळतो का ते तपासावे.